बुश यांचं पहिलं मंत्रिमंडळ: मवाळ की उजवं?

१६ डिसेंबर २०००. टेक्सासमधलं क्रॉफर्ड. अमेरिकेचे नवनिर्वाचित अध्यक्ष, रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज डब्ल्यू. बुश आपली पहिली मोठी नेमणूक जाहीर करतात: परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल. अध्यक्षपद ठरवणाऱ्या फ्लोरिडा राज्याचा निकाल लागला होता अवघ्या ५३७ मतांनी. तिथली फेरमोजणी थांबवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा येऊन चार दिवस झाले होते आणि मंत्र्यांच्या नेमणुका मंजूर करणारं वरिष्ठ सभागृह, सिनेट, ५०-५० असं दुभंगलं होतं. अशा वेळी गर्भपाताच्या हक्काच्या बाजूचे पॉवेल सर्वांत आधी पुढे येतात. विरोधकांना हे दिलासा देणारंच होतं.

पाठोपाठ नॉर्मन मिनेटा हे विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते परिवहनमंत्री होतात. पर्यावरण संरक्षण संस्था मिळते न्यू जर्सीच्या मवाळ गव्हर्नर क्रिस्टीन टॉड व्हिटमन यांना. सिनेटमध्ये त्यांना ९९ विरुद्ध शून्य मतं!

पण नुसती नावं मोजली की फसगत होते. कोणाच्या हाती कोणतं खातं, हे पाहा. न्याय खातं गेलं गर्भपाताचे कडवे विरोधक जॉन ॲशक्रॉफ्ट यांच्याकडे. नागरी हक्कांच्या कायद्याची अंमलबजावणी आणि फेडरल न्यायाधीशांच्या नावांची छाननी याच खात्यात होते. ॲशक्रॉफ्ट स्वतः सिनेटर राहिलेले, तरी त्यांच्या मंजुरीचं मतदान झालं ५८ विरुद्ध ४२.

गेल नॉर्टन यांना मिळालं अंतर्गत खातं. हे आपल्या गृहखात्यासारखं नव्हे. केंद्राच्या जमिनी आणि तिथल्या तेल-खाणींचे परवाने इथून सुटतात. नॉर्टन या माजी अध्यक्ष रीगन यांचे कट्टर उजवे अंतर्गत मंत्री जेम्स वॉट यांच्या तालमीतल्या. त्यांच्याखाली उपमंत्री आले जे. स्टीव्हन ग्राइल्स. खाणउद्योगाची वकिली करणारे लॉबीस्ट! दुसऱ्या फळीतल्या अशा नेमणुका बातम्यांत क्वचितच येतात, पण रोजच्या फायली तिथेच हलतात.

मवाळ मंत्र्याचं वजन किती, ते मार्च २००१ मध्ये कळलं. वीजकेंद्रांच्या कार्बन डायऑक्साइडवर मर्यादा घालू, असं बुश प्रचारात बोलले होते. व्हिटमन यांनी इटलीत त्रिएस्ते इथे जी-८ या आठ बड्या औद्योगिक देशांच्या गटाच्या पर्यावरणमंत्र्यांना तोच शब्द दिला. १३ मार्चला बुश यांचं सिनेटरांना पत्र गेलं: मर्यादा नाही. धोरण व्हाइट हाऊसमध्ये ठरलं, आणि सत्तांतराची तयारीही उपाध्यक्ष डिक चेनी यांच्याच देखरेखीखाली झाली होती.

व्हिटमन २००३ मध्ये पायउतार झाल्या. नॉर्टन २००६ पर्यंत आपल्या खात्यात होत्या.