विशेषाधिकार खुर्चीचा, माणसाचा नव्हे

श्रोतेहो, नमस्कार.

२० जून १९७२. व्हाइट हाउसमधल्या त्या दिवशीच्या एका संभाषणाची टेप लावली, की साडेअठरा मिनिटं नुसती घरघर ऐकू येते. माणसाचा आवाज नाही. वॉटरगेट इमारतीतल्या विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात झालेल्या घरफोडीला तेव्हा तीनच दिवस झाले होते.

राष्ट्राध्यक्ष निक्सन आपल्या दालनातली बोलणी टेप करतात, हे पुढल्या वर्षी सिनेट समितीपुढे उघड झालं. १९७४ साली ही घरफोडी दडपल्याबद्दल त्यांच्याच जवळच्या माणसांवर फौजदारी खटला उभा राहिला आणि विशेष सरकारी वकिलांनी ६४ संभाषणांच्या टेप मागितल्या. निक्सन म्हणाले, देणार नाही.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. निक्सन यांच्या वकिलांनी म्हटलं, विशेष वकीलही सरकारचाच माणूस, मग घरच्या भांडणात कोर्टाने का पडावं? सर्वोच्च न्यायालयाने दाखवून दिलं, की या वकिलाला स्वतंत्रपणे लढायचा अधिकार सरकारनेच नियम काढून दिलाय. तो नियम रद्द होईपर्यंत सरकारलाही पाळावाच लागेल.

दुसरा मुद्दा मात्र वजनदार होता. आपला शब्दन् शब्द उद्या कोर्टात वाचला जाणार म्हटल्यावर कोणता सल्लागार राष्ट्राध्यक्षांना तोंडावर 'हे चुकतंय' म्हणेल? मला हे पटतं. न्यायालयालाही पटलं. अमेरिकेच्या राज्यघटनेत राष्ट्राध्यक्षांची बोलणी गोपनीय ठेवण्याच्या या विशेषाधिकाराचा उल्लेखही नाही, तरी सत्ताविभाजनातूनच तो येतो, असं न्यायालयाने मान्य केलं. या निकालाबद्दल बोलताना हे बरेचदा राहूनच जातं.

पण त्याची हद्द कोण ठरवणार? विशेषाधिकार सांगणारा नव्हे, न्यायालय. लष्करी किंवा परराष्ट्र व्यवहारातली गुपितं असती तर गोष्ट वेगळी होती. नुसतं 'गोपनीय आहे' म्हणून फौजदारी खटल्यातला पुरावा अडवता येणार नाही. खालच्या न्यायालयात हा खटला असलेले न्यायाधीश सिरिका यांनी टेप बंद दालनात तपासायच्या, खटल्याला लागेल तेवढंच बाहेर काढायचं, बाकीचं सीलबंद करून परत पाठवायचं. मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. खुर्चीची अब्रूही राखली आणि पुरावाही.

२४ जुलै १९७४ चा हा निकाल आठही न्यायमूर्तींचा एकमताचा. लिहिणारे सरन्यायाधीश बर्गर, खुद्द निक्सन यांनी नेमलेले. निक्सन यांच्या न्याय खात्यात काम केलेले न्यायमूर्ती रेहनक्विस्ट खटल्यातून बाजूला राहिले होते.

टेप जप्त करायला न्यायालय कुणाला धाडणार होतं? कुणाला धाडावं लागलंच नाही. निकाल मानतो, असं निक्सन यांनी त्याच दिवशी कळवलं. ५ ऑगस्टला २३ जून १९७२ च्या संभाषणाची लेखी प्रत बाहेर आली. सीआयएला पुढे करून एफबीआयचा तपास थोपवायच्या बेताला निक्सन त्यात होकार देतात. ९ ऑगस्टला ते पायउतार झाले.