कांदा बदलला की ग्रेव्ही बदलते
(लघुमाहितीपटाचं निवेदन)

(नवी मुंबईतलं तुर्भे. भाजीपाला मार्केट. अजून उजाडायचं आहे.)

नाशिक, पुणे, साताऱ्याकडच्या गाड्या रात्रीच येऊन लागल्यात. मेथी, कोथिंबीर, फ्लॉवर, गाजर. पाठीवर ओझं घेतलेले माथाडी कामगार "बाजू, बाजू" करत धावतात आणि गर्दी आपोआप दुभंगते.

टोमॅटोच्या कॅरेटपाशी उकिडवा बसलेला हा मुलगा बघा. वय बावीस-तेवीस. ठाण्यात, नौपाड्यातल्या एका हॉटेलात कुक आहे. माझं नाव नको, हॉटेलचंही नको, हे त्यानं पहिल्याच भेटीत सांगितलं. म्हणून आपण त्याला ‘तो’च म्हणू.

रोजचा माल हॉटेलवर टेम्पोनं येतो. पण आठवड्यातून एक-दोनदा मालक त्याला बरोबर घेऊन येतात, कारण टोमॅटो हाताला कसा लागला पाहिजे हे त्याला कळतं. सॅलडसाठी टणक, ग्रेव्हीसाठी लालभडक आणि जरा नरम. नरम माल स्वस्तही मिळतो. मालकांना भाव दिसतो, त्याला रंग दिसतो, आणि सौदा दोघांच्या मनासारखा होतो.

(कांदा-बटाटा मार्केट. गोण्यांची थप्पी.)

मुंबईचा घाऊक बाजार दक्षिण मुंबईच्या दाटीतून इकडे टप्प्याटप्प्यानं आला. कांदा-बटाटा सगळ्यात आधी, १९८१ मध्ये. भाजीपाला आणि फळं १९९६ मध्ये. आज बाजार समितीची पाचही मार्केट इथं आहेत आणि ठाण्यापासून पनवेलपर्यंतची हॉटेलं या आवारावर जगतात.

तो एक कांदा सुरीनं आडवा कापतो आणि अर्धी फोड दोन बोटांत दाबतो. पाणी किती सुटतं ते बघतोय. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो, चाळीत साठवतात, तो दिवाळीपर्यंत पुरतो. त्यात पाणी कमी, म्हणून तो लवकर परततो आणि छान रंग धरतो. दिवाळीच्या सुमाराला लाल कांदा येऊ लागला की चित्र पालटतं. त्यात पाणी जास्त, तो टोपात आधी शिजत बसतो आणि मग परततो. वेळ जास्त, तेल जास्त, गॅस जास्त, आणि एवढं करून चव थोडी गोडसर. गिऱ्हाईक म्हणतं, आज भाजी वेगळी लागतेय. वेगळी नाही हो, कांदा बदललाय. हे कुठल्या पुस्तकात वाचलं, असं आम्ही विचारलं, तर तो नुसता बघत राहिला.

(तुर्भे स्टेशन. ठाण्याची गाडी.)

ट्रान्स-हार्बर मार्ग. २००४ मध्ये यावर प्रवासी गाड्या धावू लागल्या आणि ठाणे ते वाशी-नेरूळ हा रोजचा रस्ता झाला. कोपरखैरणे, घणसोली, रबाळे, ऐरोली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला कारखाने आणि काचेच्या इमारती. २०२४ पासून मध्ये दिघा गावही लागतं. घणसोली गावठाणात सहा मुलं मिळून त्यांनी खोली घेतलीय, सगळी हॉटेललाइनची. बाजाराच्या दिवशी तो खोलीवर न जाता थेट ठाणे गाठतो. खिडकीची जागा मिळाली की घणसोलीच्या आत झोप लागलेली असते. ठाण्याला गाडी रिकामी होते, त्यामुळे उतरायची चिंता नाही.

(हॉटेलचं स्वयंपाकघर. सकाळी दहा.)

आता नीट बघा, कारण ताटात येणाऱ्या भाजीचा निम्मा जीव इथं घडतो.

पंधरा किलो कांदा. चिरायला दोन हेल्पर. मोठ्या टोपात तेल तापतं, कांदा पडतो, लगेच मीठ. मिठानं पाणी सुटतं आणि कांदा एकसारखा मऊ होतो. यानंतर पाऊण तास तो टोपापासून हलत नाही. हातात लांब दांड्याचा पलटा, आणि पलटा तळापर्यंत गेलाच पाहिजे. तळाला एकदा लागलं की अख्खा टोप कडू. पांढरा, मग काचेसारखा, मग गुलाबी, मग बदामी. बदामीच्या पुढं जायच्या आत तो आच कमी करतो, कारण टोपाचं जाड बूड तापलेलं असतं आणि कांदा आपल्या आपण पुढं जात राहतो. हा क्षण घड्याळावर सापडत नाही. तो वासावर सापडतो. तो वाकून वास घेतो तेव्हा चेहऱ्यावर बघा.

आलं-लसणाची पेस्ट. कच्चा वास गेला की हळद, तिखट, धनेपूड, आणि पाठोपाठ पाण्याचा हबका, मसाला करपू नये म्हणून. मग टोमॅटो. मग झाकण. कडेनं तेल सुटलं की चॉप मसाला तयार.

बाजूच्या शेगडीवर दुसरा टोप. टोमॅटो, काजू, वेलची, लवंग, काश्मिरी मिरची, सगळं एकत्र उकळून वाटायचं, गाळायचं, लोण्यात शिजवायचं. शेवटी हातावर चुरलेली कसुरी मेथी. ही मखनी. तिसऱ्या टोपात उकडलेला कांदा, काजू आणि मगज, म्हणजे सोललेल्या कलिंगड-खरबुजाच्या बिया. ही व्हाइट ग्रेव्ही. मेनूकार्डवर भाज्यांची दोन पानं भरलेली दिसतात. त्यातली बहुतेक नावं या तीन टोपांतून निघतात, कुठं एकच, कुठं दोन मिसळून. कुठल्या भाजीला कशाचं किती, ते त्याच्या पळीला माहीत आहे.

तयार ग्रेव्ही तशीच फ्रिजमध्ये ढकलत नाहीत. उथळ ट्रेमध्ये पसरून आधी निववतात. खोल भांड्यात मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि ग्रेव्ही तिथूनच आंबते. हेही त्याला कुणी वर्गात बसवून शिकवलेलं नाही.

(आंबेनळी घाट. एसटीच्या खिडकीतून.)

मग शिकला कुठं? त्यासाठी आम्ही त्याच्याबरोबर त्याच्या वाटेनं मागं गेलो.

ठाण्याहून एसटी. पनवेल, वडखळ, माणगाव, महाड, पोलादपूर. पोलादपूर तालुक्यात त्याचं गाव. तिथून महाबळेश्वर घाटानं चाळीसेक किलोमीटर. खाली भातशेती, वर हॉटेलं. दहावी झाल्यावर तो गावातल्या दोघांबरोबर हा घाट चढला आणि एका हॉटेलात मोरीवर लागला. मोरी म्हणजे भांडी.

घाटातला हा प्रतापगडाकडचा देखावा दोन मिनिटं तसाच ठेवलाय. पावसात तो बघायला माणसं लांबून येतात. त्याच्यासाठी पाऊस म्हणजे हॉटेलचा सीझन संपला. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तेव्हा सीझनची बरीच माणसं जूनमध्ये घरी. मुलं खाली उतरतात, भात लावतात, आणि दिवाळीच्या सीझनला पुन्हा वर.

तिथं त्याचा पहिला उस्ताद भेटला. गढवालचा. देशभरातल्या हॉटेलांच्या भट्ट्यांपुढं गढवालची माणसं भेटतात, त्यांतलाच एक. उस्ताद सहजासहजी शिकवत नाही. मसाला टाकताना पाठ करून उभा राहतो. या मुलानं दुसरा रस्ता काढला. मोरीवर आलेली प्रत्येक कढई धुण्याआधी तो बोटानं चाखायचा. आज जिरं जास्त. आज मेथी शेवटी पडली. आज कांदा जरा पुढं गेला. दोन सीझन असे गेले. एक दिवस हेल्पर आला नाही, उस्तादानं हाक मारली, आणि यानं दाल तडका करून पुढं ठेवला. उस्तादानं चाखला, काही बोलला नाही, दुसऱ्या दिवशी त्याला मोरीवरून काढून भट्टीपाशी उभं केलं.

मोरी, कटिंग, हेल्पर, ‘कमी’ (कुकच्या हाताखालचा), कुक. या शाळेला पाटी नाही, पण तिच्यात नापास होता येतं, आणि पुष्कळ जण होतात. पुढं ठाण्याला आला तो बारमाही कामासाठी. इथं सीझन नसतो. राम मारुती रोडवर रविवारी संध्याकाळी फिरून या, म्हणजे कळेल.

(पुन्हा स्वयंपाकघर. रात्री साडेनऊ.)

केओटीचा, म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठ्यांचा, प्रिंटर थांबत नाही. दोन पनीर हंडी, एक दाल तडका, एक पार्सल, परत दोन पार्सल. चार बर्नर, चारही पेटलेले. तंदूरवर बिहारचा, चायनीजवर नेपाळचा, मोरीवर परभणीचा. भट्टीवरची भाषा हिंदी, शिव्या सगळ्यांच्या मिळून. त्याचा उजवा हात कढई उडवतो तेव्हा डावा पुढची कढई लावत असतो. पाच मिनिटांत प्लेट पासवर, म्हणजे वेटर उचलतात त्या कट्ट्यावर. मीठ तो मोजत नाही, चिमटीत धरतो, आणि त्या चिमटीवर बाहेर बसलेल्या चाळीस माणसांचं जेवण उभं आहे.

दुपारी चार ते साडेसहा ब्रेक. तेव्हा तो तलावपाळीला जाऊन बसतो, कधी माळ्यावर आडवा होतो. रात्री भट्टी घासून झाली की शेवटच्या गाडीकडं पळणं. पाय सुजतात, दोन्ही हातांवर डाग आहेत, झोप पाच तासांची. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ मध्ये आला तेव्हा त्यात दिवसाला नऊ तासच लिहिले होते.

(गाव. पूजेचं जेवण. चुलाणावर मोठे टोप.)

वर्षातून एकदा गावच्या पूजेला तो सुट्टी काढून येतोच. इथं गॅस नाही, लाकडं आहेत. धुरानं डोळे चुरचुरतात, आच हाताखाली राहत नाही, तरी वाटाण्याची उसळ अख्ख्या गावाला एका चवीची जाते. गावातली वयस्क माणसं त्याला विचारून मीठ घालतात. इथं त्याच्या हाताला मान आहे.

गावाबाहेर या हाताचा पुरावा काय? त्याला जहाजावर जायचंय, क्रूझच्या किचनमध्ये. तिथं सुरक्षेचे कोर्स लागतात, ते पैसे साठवून करता येतील. पण त्याआधी कागद विचारतात. आयटीआयला ‘फूड प्रॉडक्शन’चा एक वर्षाचा कोर्स आहे, दहावीवर प्रवेश मिळतो. ते एक वर्ष बिनपगारी बसायचं, तर घरी पैसे कोण पाठवणार? अशाच मुलांसाठी प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत एक वाट ठेवली आहे. कामातून शिकलेल्याची चाचणी घ्यायची आणि प्रमाणपत्र द्यायचं. ‘रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग’ असं तिचं नाव. आम्ही सांगेपर्यंत त्याच्या स्वयंपाकघरात हे कुणालाच माहीत नव्हतं. आता खोलीवरच्या सहापैकी चौघांना ती चाचणी द्यायची आहे.

चाचणी पुढं होईल तेव्हा होईल. तोवर त्याच्या हातात निदान अनुभवाचं पत्र असावं, आणि ते मालकाकडं मागायला त्याला संकोच वाटतो. म्हणून आम्हीच मागतो, ठाणे-नवी मुंबईतल्या प्रत्येक हॉटेलमालकाकडं. तुमच्या भट्टीवर उभा असलेला मुलगा किती वर्षं आहे, कुठल्या काउंटरवर आहे, त्याला काय काय येतं, एवढं हॉटेलच्या लेटरहेडवर लिहा. खाली सही आणि शिक्का. एक पान पुरे.