तिसऱ्यांचा परवाना: शुल्क पैशात किती, श्रमात किती

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘कोकणातल्या खाड्यांसाठी शिंपल्यांचा परवाना’. तिकडे येतोच. या सभागृहात तिसऱ्यांचं, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांचं, सुकं न खाल्लेलं कुणी असेल तर कृपा करून हात वर करू नका, शेजारचे उठून जातील. तेव्हा तिसरी कशी असते, ओहोटीला ती कशी काढतात, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. सांगायचंय ते एवढंच, की परवान्याचं शुल्क पैशात कमी आणि श्रमात जास्त घ्यावं, आणि ज्या खाडीचा पैसा त्याच खाडीत खर्च व्हावा.

हे कुणी करतं का? करतं. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचं राज्य आहे. तिथला शिंपला पातळ कवचाचा, चिखलात वीतभर खाली बसलेला. ओहोटीला वाकून, आखूड दांड्याच्या चार-पाच दात्यांच्या अवजाराने चिखल उलथायचा आणि हाताने शिंपला उचलायचा. धंदा म्हणून काढायचा असेल तर दोन परवाने लागतात. एक राज्याच्या सागरी खात्याचा. दुसरा, ज्या गावाने शिंपल्यांची नियमावली केली आहे त्या गावाचा. नियमावली गाव करतं, मंजुरी राज्याचा आयुक्त देतो. परवाने किती द्यायचे, शुल्क किती, चिखलाचा कोणता पट्टा काही काळ बंद ठेवायचा, हे गावाची शिंपला समिती सुचवते, आणि त्या समितीत स्वतः शिंपले काढणारे बसतात.

आता कुणी म्हणेल, मग गाव बाहेरच्याला हाकलून देईल. नाही देता येत. तिथे भरती-ओहोटीच्या मधल्या जमिनीची मालकी खाजगी असू शकते, पण मासेमारीचा हक्क सगळ्यांचा, असा नियम 1640 च्या दशकापासून चालत आलाय. नियम मूळचा मॅसॅच्युसेट्स वसाहतीचा. मेन पुढे त्या वसाहतीत गेलं, आणि वेगळं राज्य झालं 1820 मध्ये, तरी तो नियम टिकला. शिंपले काढणं त्या मासेमारीतच धरतात. म्हणून राज्याने गावाचे हात बांधलेत. गावकऱ्यांना जितके परवाने, त्याच्या निदान दहा टक्के बाहेरच्यांना द्यायचे. गावात 40 तर बाहेरचे 4. शुल्कही बाहेरच्याला दीडपटीपेक्षा जास्त लावता येत नाही. शेजारच्या वाडीशी खाडीवरून भांडण झालेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना या दहा टक्क्यांची किंमत वेगळी सांगायला नको.

आता मापाचा नियम. हा मला सगळ्यात मोलाचा वाटतो, म्हणून इथे जरा थांबतो. शिंपला सर्वांत लांब बाजूने दोन इंचांपेक्षा लहान नको. पण कमरेत वाकून, पाणी चढायच्या आत काम उरकणाऱ्या माणसाच्या हातून एकही लहान शिंपला टोपलीत जाणार नाही, असं होत नाही. म्हणून कायदा सूट देतो: लहान शिंपले दहा टक्क्यांपेक्षा कमी असतील तर गुन्हा नाही. ही टक्केवारी नगावर मोजतात, वजनावर नाही. लहान शिंपला वजनाला काहीच भरत नाही. वजनावर दहा टक्के सूट दिली तर तिच्यात कितीतरी पिल्लं लपतील. आणि मोजायला शिंपले घ्यायचे ते ढिगाच्या वेगवेगळ्या भागांतून, निदान एक पेक, म्हणजे सुमारे 9 लिटर. ढीग त्याहून लहान असेल तर सगळाच मोजायचा. टोपली हलवली की बारीक माल तळाला जातो आणि मोठा वर दिसतो, हे बाजारात बसणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक आहे. नुसती वरची ओंजळ मोजली तर तपासणी फसलीच. समजा 200 नग मोजले. 19 लहान निघाले तर माल सुटला, 20 निघाले तर पकडला. पंचनाम्याला इतकं स्वच्छ गणित हवं. आपल्याकडच्या किती नियमांत मोजायची रीत लिहिलेली असते? ‘लहान मासळी पकडू नये’ एवढंच लिहून सोडलं की पुढे निरीक्षकाची मर्जी.

आता श्रमाचं शुल्क. मेनमधल्या बऱ्याच गावांत परवान्याच्या नूतनीकरणाआधी ठरलेले तास भरावे लागतात. चिखलाचे चौकोन आखून शिंपले मोजायचे, दाट पट्ट्यातली पिल्लं उचलून ओस पट्ट्यात लावायची, पिल्लांवर जाळी अंथरायची. जाळी खेकड्यासाठी. युरोपातून आलेला हिरवा खेकडा तिथे शिंपल्याची पिल्लं फस्त करतो, आणि पाणी उबदार झालं की त्याची संख्या वाढते. हे काम पगारी माणूसही करील. पण ज्याने स्वतः मोजणी केली, त्याला पट्टा बंद का ठेवला हे पटवून द्यावं लागत नाही.

आरोग्याचं थोडक्यात. शिंपला पाणी गाळून खातो, पाण्यातलं विष त्याच्यात साठतं, आणि लाल भरतीचं, म्हणजे समुद्रात माजणाऱ्या विषारी सूक्ष्म शेवाळाचं, विष शिजवून जात नाही. म्हणून विषाचं प्रमाण 100 ग्रॅम मांसात 80 मायक्रोग्रॅमवर गेलं की तो भाग बंद. प्रत्येक गोणीला चिठ्ठी हवी: कुणी काढला, कुठे, कधी. माणसं आजारी पडली तर त्या चिठ्ठीवरून एकच पट्टा बंद करता येतो. चिठ्ठी नसेल तर सगळा किनारा बंद करावा लागतो.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय, तेव्हा आता आपल्या खाड्या, भराभर.

आपल्याकडे सागरी मासेमारीचा कायदा आहे 1981 चा. त्याचा सगळा रोख नौकेवर: नौकेची नोंदणी, नौकेचा परवाना. ओहोटीला गुडघाभर पाण्यात बसून तिसऱ्या काढणाऱ्या बाईकडे नौकाच नाही. तिला परवान्याचा जाच नाही, पण तिच्या नावाचा कागदही नाही. उद्या त्याच पट्ट्यावर वाळूचा सक्शन पंप लागला, तर नुकसान कुणाचं झालं हे ती कशाने दाखवणार?

म्हणून परवाना माणसाला द्यावा, खाडीच्या नावासकट. मसुदा ग्रामपंचायतीने करावा, मंजुरी मत्स्यव्यवसाय खात्याने द्यावी, समितीत निम्म्या तरी काढणाऱ्या बाया असाव्यात. शेजारच्या गावांचा वाटा लेखी ठरवावा. माप नगावर तपासावं.

आणि माप फक्त काढणाऱ्याच्या माथी मारू नये. केरळातल्या कोल्लमच्या अष्टमुडी खाडीत 1990 च्या दशकात तिसऱ्यांचं उत्पादन कोसळलं. तेव्हा डिसेंबर ते फेब्रुवारी बंदी आली, जाळ्याचा आस, म्हणजे भोकाचं माप, किमान 30 मिलिमीटर ठरला, आणि निर्यातीच्या मांसात किलोला 1400 पेक्षा जास्त नग नकोत असा दंडक आला. बारीक माल व्यापाऱ्याने घेतलाच नाही तर काढणार कोण? 2014 मध्ये त्या खाडीला शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं. कोकणात मात्र बंदीचे महिने अष्टमुडीवरून उचलू नयेत. आपल्या खाडीत पिल्लं कधी बसतात ते वर्षभर दर महिन्याला एकाच जागी चौकोन आखून मोजावं, मग महिने ठरवावेत. ही मोजणी म्हणजेच पहिल्या वर्षाचं शुल्क.

राहता राहिलं पैशाचं शुल्क. ते एका ओहोटीच्या कमाईपेक्षा जास्त नसावं, पावती काढणाऱ्या बाईच्या नावाने फाडावी, नवऱ्याच्या नाही, आणि रक्कम पंचायतीच्या सामान्य खात्यात न टाकता खाडीच्या वेगळ्या खात्यात जमा करावी. त्या खात्यावर समितीतल्या दोन बायांची सही लागेल असं नियमावलीतच लिहून घ्या.