रखमाबाईंच्या कॉलेजापासून पार्लमेंटपर्यंत

नमस्कार मंडळी.

गेल्या वर्षापासून आपल्या सभासदांना मी मध्य लंडनमध्ये एक पायी फेरी घडवते आहे. विषय, बायकांच्या हक्कांचा लढा. या विषयावरच्या ज्या फेऱ्या मी स्वतः केल्या, त्या सगळ्या वेस्टमिन्स्टरच्या आसपास फिरल्या. त्या चांगल्याच होत्या. पण दर वेळी घरी येताना वाटायचं, यात आपली मुंबई कुठे गेली? म्हणून आपली फेरी निघते रसेल स्क्वेअर स्टेशनापासून.

तिथून पाच-सात मिनिटांवर हंटर स्ट्रीट आणि हँडेल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर एक लाल विटांची इमारत आहे. आज तिथे आरोग्यकेंद्र आहे. पूर्वी या जागेवर ‘लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन’ होतं. डॉ. रखमाबाई इथे शिकल्या. आजची इमारत त्यांच्या नंतर उभी राहिली, जागा मात्र तीच. इथे मी सगळ्यांना बराच वेळ थांबवते.

अकराव्या वर्षी लग्न झालेली ही मुलगी मोठी झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला जायचं नाही म्हणाली. नवरा कोर्टात गेला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल तिच्या बाजूने दिला, तो अपिलात टिकला नाही, आणि १८८७ साली दुसऱ्या न्यायाधीशांनी सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. तिने तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. हे सगळं मुंबई हायकोर्टात, बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीने! शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. आपल्याच लोकांनी तिच्यावर कडाडून टीका केली. लोकमान्य टिळकही तिच्या विरोधात होते, हे मी फेरीत लपवत नाही. टिळकांबद्दल मनात आदर आहे म्हणून ते गाळणं मला पटत नाही.

एकदा सांगलीहून मुलाकडे आलेल्या एक आजी बरोबर होत्या. त्यांनी विचारलं, “अहो, पण शिकायला पैसे कोणी दिले हिला?” मला हा प्रश्न फार आवडला. समर्थकांनी निधी उभारला, इंदूरच्या होळकरांनी हातभार लावला, आणि मुंबईच्या कामा हॉस्पिटलातल्या डॉ. इडिथ पीची यांनी पाठबळ दिलं. १८९४ मध्ये रखमाबाई डॉक्टर झाल्या. पुढची कित्येक वर्षं त्यांनी सुरत आणि राजकोटला बायकांवर उपचार केले.

रखमाबाई शिकत होत्या तेव्हा या कॉलेजच्या डीन होत्या एलिझाबेथ गॅरेट अँडरसन. हे नाव लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी वाट त्यांच्यामागून जाते.

१८ नोव्हेंबर १९१०. वेस्टमिन्स्टरच्या कॅक्स्टन हॉलमधून सुमारे तीनशे बायका मताचा हक्क मागायला पार्लमेंटकडे निघाल्या. पोलिसांनी त्यांना सहा तास ढकललं, आपटलं, अंगचटीला गेले. हा दिवस ‘ब्लॅक फ्रायडे’ म्हणून ओळखला जातो. पहिल्या तुकडीत या चळवळीच्या पुढारी एमेलिन पँकहर्स्ट होत्या आणि याच एलिझाबेथबाई होत्या, वय चौऱ्याहत्तर. त्याच तुकडीत होती सोफिया दुलीपसिंग, पंजाबच्या शेवटच्या महाराजांची मुलगी, राणी व्हिक्टोरियाची मानसकन्या. मत नाही तर करही नाही, असं म्हणून तिने कर भरायचं नाकारलं, तेव्हा तिची हिऱ्यांची अंगठी जप्त होऊन लिलावात गेली. कॅक्स्टन हॉलपासून पार्लमेंटपर्यंतचं अंतर आपण चालतो, तेव्हा मी मुद्दाम काही बोलत नाही. चालायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

आता मला सगळ्यात प्रिय असलेला भाग. १९११ साली सोफिया काश्मीरला गेली होती, ‘व्होट्स फॉर विमेन’ लिहिलेला बिल्ला लावून. तिथे सुट्टीसाठी आलेल्या मुंबईच्या हिराबाई टाटांची तिच्याशी गाठ पडली. त्यांनी बिल्ल्याबद्दल विचारलं, आणि त्या ओळखीतून त्या या कामात ओढल्या गेल्या. १९१९ साली हिंदुस्थानच्या नव्या कायद्यावर लंडनमध्ये विचार चालू असताना हिराबाई आणि त्यांची एकवीस वर्षांची लेक मिठन बोटीने इथे आल्या आणि पार्लमेंटच्या समितीपुढे भारतीय बायकांच्या मताधिकारासाठी साक्ष दिली. पार्लमेंटने स्वतः हक्क दिला नाही, निर्णय प्रांतांवर सोडला. १९२१ मध्ये मद्रास आणि मुंबई प्रांतांनी बायकांना मत द्यायचं ठरवलं. मालमत्तेची अट होती, त्यामुळे मत मिळालं ते थोड्याच जणींना. पण इंग्लंडमध्ये तरी काय, १९१८ च्या कायद्याने तीस वर्षांवरच्या आणि अटीत बसणाऱ्या बायकांनाच मत मिळालं होतं. पुरुषांच्या बरोबरीने एकविसाव्या वर्षी मत मिळायला १९२८ उजाडलं.

मिठन इथेच राहून शिकली, लिंकन्स इन या बॅरिस्टरांच्या जुन्या संस्थेतून बॅरिस्टर झाली आणि मुंबई हायकोर्टात वकिली करणारी पहिली स्त्री ठरली. ज्या कोर्टाने रखमाबाईंना तुरुंगाची भीती घातली, तेच हे कोर्ट. ब्लूम्सबरीहून खाली येताना लिंकन्स इन वाटेतच लागतं. ही गोष्ट मी तिथल्या फाटकापाशी उभी राहून सांगते. दर वेळी माझा गळा दाटून येतो.

शेवटचा थांबा पार्लमेंट स्क्वेअर. तिथे २०१८ साली मताधिकाराच्या लढ्यातल्या पुढारी मिलिसेंट फॉसेट यांचा पुतळा बसवला, त्या चौकातला स्त्रीचा पहिलाच. त्या एलिझाबेथबाईंच्या धाकट्या बहीण. पुतळ्याच्या चौथऱ्यावर या चळवळीतल्या ५९ जणांची नावं आणि चेहरे कोरलेत. सोफियाचा चेहरा त्यात आहे. मुलांना मी तो शोधायला लावते, आणि मुलं तो बरोबर शोधतात.

पुढची फेरी येत्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आहे. सकाळी दहाला रसेल स्क्वेअर स्टेशनाच्या दारात भेटू. तीन तास लागतील, बूट चालण्याचे घाला, छत्री आणा. ज्यांना इतकं चालवत नाही त्यांच्यासाठी लिंकन्स इननंतर बसची सोय करू, त्यांनी मला आधी कळवा. सासूबाई, आई भारतातून आल्या असतील तर त्यांना जरूर आणा. सगळं मराठीतच असतं.