नीळ जास्त झालीय

नमस्कार मंडळी. आज बजीबद्दल बोलायचंय. म्हणजे आपल्या बाजारात ज्याला सगळे लव्हबर्ड म्हणतात ना, तो. लव्हबर्ड हा आफ्रिकेतला वेगळा पक्षी आहे आणि बजी ऑस्ट्रेलियातला, १८४० मध्ये जॉन गूल्डने जिवंत बजी इंग्लंडला नेले आणि तिथून हा छंद जगभर पसरला. मी दुकानात दर वेळी हे नाव दुरुस्त करतो, आणि करत राहणार. आणि विषय निघालाच आहे तर, आपला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवू नका हो, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे आणि ज्याने आभाळ बघितलंय त्याला कोंडणं मला बघवत नाही. बजीचं तसं नाही, त्याच्या कित्येक पिढ्या माणसाच्या हाताखालीच जन्मल्यात.

तर आजचे पक्षी दोन, लुटिनो आणि अल्बिनो. लुटिनो म्हणजे पिवळाधमक, अल्बिनो पांढराशुभ्र, दोघांचेही डोळे लाल. दोघांत काम एकाच जीनचं, त्याला आपण इनो म्हणतो. तो पक्ष्यातला काळा रंग काढून टाकतो, बस. हिरव्या पक्ष्यातला काळा गेला की पिवळा उरतो, निळ्यातला गेला की पांढरा. परत सांगतो, हिरव्यातून लुटिनो, निळ्यातून अल्बिनो. पण वरून पांढरा दिसला तरी आतला पक्षी कुठला आहे ते झाकलेलं असतं, आणि पक्ष्यांच्या शोमध्ये, म्हणजे स्पर्धेत, नेमकं तेच उघडं पडतं.

ते माझ्या बाबतीत कसं उघडं पडलं ते सांगतो.

२०१५ ची गोष्ट. मी मिरजेहून पुण्याला एसटीने गेलो होतो, मांडीवर पिंजरा, त्यावर आईची जुनी सुती साडी. आत माझी पहिली अल्बिनो मादी. घरात ट्यूबलाइटखाली ती अशी पांढरी दिसायची की बघत राहावं. शोचा पिंजरा बाहेरून काळा आणि आतून पांढरा असतो, त्यात तिला ठेवलं आणि मी लांब उभा राहिलो. जज एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांनी माझा पिंजरा उचलला, खिडकीपाशी उन्हात नेला, थोडा फिरवला आणि मला हाक मारली. म्हणाले, "पोरा, हिच्यात नीळ जास्त झालीय बघ." मी बघितलं. पाठीचा खालचा भाग, शेपटीच्या मुळाशी आणि पोटावर चक्क फिकट निळी झाक होती! बाबांच्या धोतराला आई नीळ द्यायची आणि एखाद्या वेळी हात जड पडला की उन्हात वाळत घातल्यावर जसं दिसायचं ना, अगदी तस्सं. पांढऱ्या पिंजऱ्यात तर ते जास्तच उठून दिसत होतं.

मी विचारलं, साहेब आता काय करू? ते म्हणाले, "मोठ्या डोक्याचा राखाडी नर लाव. आणि दोन वर्षं गप्प बस."

राखाडी! बाजारात राखाडीला कोणी विचारत नाही, सगळ्यांना रंग पाहिजे असतो. मी चार ठिकाणी फिरलो, शेवटी एकाकडे कोपऱ्यात एक दणकट राखाडी नर मिळाला. पैसे देताना तो माणूस दोनदा म्हणाला, "अहो निळा न्या की, छान दिसतो." मी राखाडीच आणला.

आता राखाडीच का, तर बजीचा निळा हा काही रंगद्रव्याचा नसतो, पिसाची आतली रचनाच अशी असते की उजेडातून निळा परत फेकला जातो. इनो काळा काढतो पण ती रचना तशीच राहते, म्हणून झाक उरते. राखाडी जीन त्या रचनेवरच काम करतो आणि झाक मारतो. शिवाय राखाडी प्रबळ आहे, आईबापातल्या एकाकडून आला तरी पिल्लात दिसतो.

जोडी बसली, अंडी झाली, पाच पिल्लं आली. तीन राखाडी, दोन निळी. बायको म्हणाली, "अहो, एवढी पांढरी आई आणि पांढरं एकही नाही?" मला माहीत होतं नाही येणार, तरी पेटीत हात घालताना आशा असायचीच. इथे नीट ऐका. इनो जीन नर-मादी ठरवणाऱ्या गुणसूत्रावर बसलेला असतो. नराला त्याच्या दोन जागा, मादीला एकच. म्हणून नर वरून साधा दिसून आत इनो लपवू शकतो, त्याला स्प्लिट म्हणतात. मादी लपवू शकत नाही, असेल तर दिसणारच. परत सांगतो, मादी इनोची स्प्लिट कधीही नसते, कोणी इनोची स्प्लिट मादी म्हणून विकत असेल तर घेऊ नका. अल्बिनो मादी आणि साधा नर, म्हणजे ज्याच्यात इनो लपलेलाही नाही असा, तर पहिल्या पिढीत पांढरं शून्य, पण सगळी नर पिल्लं स्प्लिट.

त्यातला एक राखाडी नर मी ठेवला, सातव्या दिवशी पायात रिंग घातलेला. वर्षाचा झाल्यावर त्याला दुसऱ्याच घरातली मोठी राखाडी मादी लावली. एक दिवसाआड अंडी, अठरा दिवसांची उब. अठराव्या रात्री टॉर्च घेऊन पेटी उघडली तर शेंगदाण्याएवढं तांबूस पिल्लू. साध्या पिल्लाच्या मिटलेल्या पापणीआडून डोळा काळाभोर दिसतो. याचा दिसेना, पापणीआड नुसता लालसर फुगवटा. आई मागून वाकून बघत होती, म्हणाली, "अरे, याचे डोळे आलेत का रे?" मी म्हटलं आई, आले नाहीत, हेच डोळे हवे होते! आणि ती मादीच होती हे मला त्या रात्रीच कळलं, कारण स्प्लिट नर आणि साधी मादी यांना इनो झालं तर ते मादीच असतं.

चार महिन्यांची झाल्यावर सकाळच्या उन्हात गॅलरीत नेली. उलटी केली, पाठ बघितली, शेपटीचं मूळ बघितलं. नीळ नाही. पुढच्या शोला तेच जज होते, त्यांनी पिंजरा परत खिडकीपाशी नेला, मान हलवली आणि म्हणाले, "रंग झाला. आता डोकं अजून रुंद कर."

वेळ थोडा राहिलाय म्हणून बाकीचं पटापट सांगतो. डोकं रुंद करायचं तर इनोला इनो लावत बसू नका, दोन-तीन पिढ्यांत पक्षी बारीक होतो, मोठा साधा पक्षी मधे आणावाच लागतो. शो बजी जंगलातल्यापेक्षा बराच मोठा असतो, जंगलातला जेमतेम सात इंच. लुटिनोला मात्र राखाडी-हिरवा लावू नका, पिवळा मातकट होतो, त्याला फिकट हिरवाच चांगला. इनो नराचं नाक मोठेपणीही निळं होत नाही, गुलाबी-जांभळं राहतं, त्याला मादी समजून दोन नर एकत्र ठेवलेले मी बघितलेत. पेटीचा तळ खोलगट पाहिजे, सपाट असेल तर पिल्लांचे पाय फाकतात. राळे, बाजरी, समुद्रफेस, शेवग्याचा पाला हे तुम्हाला माहीतच आहे. आणि शोच्या आधी चार-पाच दिवस बेबी शाम्पूने कोमट पाण्यात धुवा, आदल्या दिवशी नको, पिसांना परत तेल चढायला वेळ लागतो.

त्या मादीच्या नातीच्या पेटीत सध्या सहा अंडी आहेत. पहिल्या अंड्याचा आज सतरावा दिवस. टॉर्च चार्जिंगला लावून आलोय. नमस्कार.