फोंताना बहिणी आणि ऑड्रीचा लग्नाचा ड्रेस

नमस्कार मंडळी. बीबीसीची एक जुनी मालिका आहे, द हाऊस ऑफ एलियट. 1991 ते 1994 मध्ये तिचे तीन सीझन झाले. काळ 1920 नंतरचा, गाव लंडन. कडक स्वभावाचे डॉक्टर वडील जातात आणि मागे दोन मुली राहतात, बिॲट्रिस आणि इव्हांजेलिन. हातात पैसा नाही, नोकरी मिळेल असं शिक्षण नाही, येतं काय तर कपडे शिवायला. मग त्या शिवतात, आणि शिवता शिवता स्वतःचं फॅशन हाऊस काढतात. मला ती आवडते कारण तिच्यात बायका खरंच काम करताना दिसतात हो, कापड बेतणं, टाचण्या, ट्रायल. नाहीतर आपल्याकडे नायिका म्हणे करोडोंच्या कंपनीची मालकीण, आणि दिवसभर काय करते तर जिन्यात उभी राहून सासूचं बोलणं चोरून ऐकते. जाऊ दे, तो विषय काढला तर मी थांबायची नाही.

तर एलियट बहिणी काल्पनिक. पण इटलीत अशा बहिणी खऱ्या होत्या, दोन नाही तीन. झोए, मिकोल आणि जोव्हाना फोंताना. त्यांच्यावरही इटलीच्या सरकारी टीव्हीने, म्हणजे राईने, 2011 साली दोन भागांची मालिका काढली. या पार्माजवळच्या एका छोट्या गावातल्या, आई शिवणकाम करायची, तिच्याच हाताखाली शिकल्या. असं सांगतात की झोए पार्माच्या स्टेशनवर गेली आणि म्हणाली, जी गाडी पहिली येईल तिच्यात बसायचं. पहिली आली रोमची. मिलानची आली असती तर सगळंच वेगळं झालं असतं! रोममध्ये दोघी दुसऱ्यांकडे शिवायला लागल्या, धाकटी घरी शिवायची, आणि 1943 साली, ऐन युद्धात, तिघींनी स्वतःचं दुकान टाकलं. सुरुवातीच्या गिऱ्हाइकांमध्ये कोण होती माहितीये? मार्कोनीची मुलगी, जोया. मार्कोनी म्हणजे रेडिओवाला, ज्याच्यामुळे मी इथे बडबडतेय आणि तुम्ही तिकडे ऐकताय तोच. पुढे 1949 ला हॉलिवूडच्या टायरोन पॉवरचं रोममध्ये लग्न झालं, नवरीचा ड्रेस या बहिणींचा, आणि मग अमेरिकेतून ऑर्डरी यायला लागल्या.

आता मला जी गोष्ट सांगायचीये ती इथून सुरू होते.

1952 चा उन्हाळा. ऑड्री हेपबर्न रोममध्ये, रोमन हॉलिडेचं शूटिंग चालू. तेव्हा ती स्टार नव्हती, सिनेमाच आला 1953 ला. तिचं लग्न ठरलेलं, जेम्स हॅन्सन नावाच्या इंग्रज उद्योजकाशी, आणि लग्नाचा ड्रेस तिने टाकला फोंताना बहिणींकडे. म्हणजे बघा, एकीकडे कॅमेऱ्यासमोर राजकन्या, आणि शूटिंग नसेल तेव्हा इकडे फिटिंगला उभी. हस्तिदंती रंगाचं सॅटिन, आणि कंबर तर इतकी बारीक की आपल्या टेलरने दोनदा टेप लावून बघितला असता. ड्रेस झाला, अगदी तयार झाला.

आणि लग्न मोडलं.

भांडण नाही, तंटा नाही. तिला शूटिंगसाठी सतत फिरायचं, त्याचा धंदा तिसरीकडे, तिला वाटलं हा संसार काही होणार नाही. तिने सांगून टाकलं. आता प्रश्न आला ड्रेसचा. तयार ड्रेस, शिवून ठेवलेला. आपल्याकडे काय झालं असतं? कपाटात गेला असता, डांबरगोळ्या घालून, वर मलमलचं फडकं, आणि वर्षातून एकदा ऊन दाखवायला बाहेर. मी तर म्हणते आपल्या घराघरांत शालूंचं जे चाललंय ते बघवत नाही, दीड तास नेसायचा आणि पुढची तीस वर्षं जर काळी पडली का बघत बसायचं, अगं नेस ना बाई, कोणाच्या मुंजीला तरी नेस!

ऑड्रीने काय केलं? ती बहिणींना म्हणाली, हा ड्रेस दुसऱ्या मुलीला द्या. जिला असा ड्रेस कधीच परवडणार नाही अशी मुलगी शोधा, गरीब आणि तुम्हाला सापडेल तेवढी सुंदर. म्हणजे पैसे परत नको, ड्रेस परत नको, फक्त कोणीतरी तो घालून लग्न करू दे. आणि बहिणींनी खरंच मुलगी शोधली. सापडली, रोमच्या दक्षिणेकडची, साध्या कष्टकरी घरातली. तिने हॉलिवूडच्या नटीसाठी शिवलेल्या ड्रेसमध्ये लग्न केलं. ज्यांनी घरी शिवणकाम केलंय त्यांना कळेल, एकीच्या अंगावर बेतलेला ड्रेस दुसरीला बसवणं म्हणजे काय, नवीन शिवलेला परवडला.

तिने तो कितीतरी वर्षं जपून ठेवला. 2009 साली लंडनमध्ये लिलाव झाला आणि ड्रेस 13,800 पौंडांना गेला. तेव्हा ती बाई म्हणाली की माझा संसार सुखाचा झाला, ड्रेस मला लाभला. ऑड्रीने 1954 ला मेल फेररशी लग्न केलं, स्वित्झर्लंडमध्ये, तेव्हा ड्रेस पॅरिसच्या बाल्माँ या डिझायनरचा होता. तो संसार टिकला नाही. आता याच्यावरून लगेच लाभणं न लाभणं असलं काही मी म्हणणार नाही, पण माझी आजी नक्की म्हणाली असती.

वेळ संपत आलीये. धंद्याचं थोडक्यात सांगते, 1951 ला फ्लॉरेन्समध्ये जो पहिला मोठा इटालियन फॅशन शो झाला, अमेरिकन खरेदीदारांसाठी, त्यात या बहिणी होत्या. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांच्या मुलीचा लग्नाचा ड्रेसही त्यांचाच, 1956 चा. तिघींमधल्या मिकोलबाई मालिका आली तेव्हा हयात होत्या, वय 97. स्वतःचं आयुष्य टीव्हीवर लागलेलं, विचार करा. 2015 ला गेल्या, वयाच्या 101 व्या वर्षी.

मालिका मिळाली तर बघा, दोनच भाग आहेत. फक्त पोळ्या लाटता लाटता बघू नका, इटालियन आहे, खालचं वाचत बसावं लागतं आणि तेवढ्यात तव्यावरची पोळी करपते.