उन्हाळी सुट्टीतला बर्फ

नमस्कार मंडळी, एप्रिल आला, मनालीची बुकिंगं झाली असतील, म्हणून आज बर्फ कोसळतो त्याबद्दल. म्हणजे हिमस्खलन.

मागे आम्ही मनालीच्या वर सेथनला गेलो होतो, मार्चअखेर. तिथल्या गाईडने रात्रीच सांगितलं, पहाटे पाचला निघायचं. आता आमच्यात डोंबिवलीचे एक काका, त्यांना आधी चहा, मग अंघोळ, मग परत चहा, निघेपर्यंत नऊ वाजले. साडेदहाला गाईड एका उताराच्या अलीकडेच थांबला, म्हणे वापस. काका भडकले, पैसे भरलेत आम्ही! (तसं पाच दिवसात सात पॉइंट दाखवणाऱ्या टूरमुळेच ही सवय लागलीय आपल्याला, पण ते जाऊ दे.) गाईडने काठीने समोर दाखवलं, उन्हातल्या उतारावरून बर्फाचे छोटे छोटे गोळे आपोआप गडगडत येत होते. म्हणाला, "साहब, पहले वो लड्डू गिन लो, फिर चलते हैं." आणि काका खरंच मोजायला लागले हो! चौदा-पंधरा झाले असतील, तेवढ्यात नाळेतला, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीतला, अख्खा ओला थर सुटला, फार जोरात नाही, जड जड सरकत आला आणि आम्ही जिथून जाणार होतो तिथेच येऊन थांबला. काका दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, "चला, तसाही नाश्ता राहिलाच होता."

तर ते गोळे म्हणजे इशारा. वसंतात रात्री बर्फ गोठून घट्ट होतो, दिवसा ऊन लागलं की वितळलेलं पाणी आत झिरपतं आणि थरांची पकड सुटते. म्हणून पहाटे निघा, ऊन चढायच्या आत उतार सोडा. परत सांगते, ऊन चढायच्या आत. आणि रात्रभर ढग असतील तर बर्फ नीट गोठतच नाही, मग पहाटेचाही भरवसा नाही. 30 ते 45 अंशांचे उतार सगळ्यात वाईट. ओरडल्याने बर्फ कोसळतो हे मात्र सिनेमातलं, तुमच्या वजनाने कोसळू शकतो.

4 एप्रिल 2023 ला सिक्कीममध्ये नथुला खिंडीच्या रस्त्यावर बर्फ कोसळला, 7 पर्यटक गेले. परवाना तेराव्या मैलापर्यंतचा होता आणि लोक पुढे पंधराव्यापर्यंत गेले होते, असं तिथल्या पोलिसांनी तेव्हा सांगितलं. तेव्हा तिकडचा माणूस थांबा म्हणाला की थांबायचं, पैसे भरलेले असले तरी.